अण्णांची वही: घरच्या माणसाच्या आठवणी वर्षभरात जमवताना

‘त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, दोन मुली, सून, जावई, नातवंडे असा परिवार आहे.’

वडील गेले त्या दुपारी मामांनी निधनवार्तेचा मजकूर लिहून माझ्या हातात ठेवला. मी वाचला, वय तपासलं, पाठवून दिला. चार ओळी. मनमिळाऊ स्वभावाचे, धार्मिक वृत्तीचे. चूक काही नव्हती त्यात. पण दुसऱ्या दिवशी छापून आल्यावर कळलं, की नाव खोडलं तर या ओळी आमच्या पेठेतल्या कुठल्याही माणसाला चालल्या असत्या.

अण्णा सोलापुरात चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायचे. चौकटीच्या ग्राफ कागदावर एकेक चौकोन रंगवत मोर, वेली, कमळं उभी करायची, मग त्यावरून जॅकार्ड मागाला नक्षी सांगणारे भोकांचे पत्ते पाडायचे. काम सुटलं की घर. त्यांना पद नव्हतं, सत्कार नव्हता, कुठल्या संस्थेच्या अहवालात नाव नव्हतं. घर हेच त्यांचं सगळं, आणि नेमकं म्हणूनच त्यांची आठवण राखायला कागदावर काही नव्हतं. पुढाऱ्यांची भाषणं सापडतात. नातीची वेणी घालणाऱ्या आजोबांचे साक्षीदार म्हणजे घरातली पाच-सात माणसं, आणि त्यातली निम्मी सत्तरीच्या पुढची.

आम्ही भावंडांनी वर्षश्राद्धापर्यंत बहात्तर पानांची एक वही छापून घेतली. ती कशी केली, कुठे चुकलो, ते इथे लिहिते आहे. तुमच्या घरातलं असंच माणूस गेलं असेल तर यातलं काही कामाला येईल. सगळ्या कामाला आमचा एकच नियम होता: मोठेपणा लिहायचा नाही, सवयी लिहायच्या.

पहिले तीन महिने काहीही टाकू नका

तेरावा झाला की घर आवरायला दहा हात पुढे येतात. मायेनेच येतात, पण तुम्ही थांबवा. आमच्याकडे पंधराव्या दिवशी माळा साफ झाला आणि अण्णांच्या खर्चाच्या डायऱ्या रद्दीत गेल्या. मीच बांधून दिल्या. दूध, भाजी, फी, लाइटबिल एवढंच असेल असं वाटलं होतं. एक डायरी देवघराच्या खणात राहून गेली होती म्हणून वाचली. तिच्यात माझी मुलगी झाली त्या तारखेला ‘दूध’ आणि ‘रिक्षा’ यांच्या मध्ये लिहिलंय: ‘नात झाली. पेढे दोन किलो.’ बाकीच्या डायऱ्यांमध्ये काय होतं, हे आता कधीच कळणार नाही.

म्हणून एक पत्र्याची पेटी घ्या आणि निवड न करता भरा. चष्मा, पाकीट जसंच्या तसं, खिशातल्या चिठ्ठ्या, बसचे पास, औषधांची यादी, हस्ताक्षरातला कुठलाही कागद, शाळेचा दाखला, पत्रं, लग्नपत्रिकेच्या मागे केलेले हिशेब. पेटी जमिनीवर ठेवू नका, पावसाळ्यात ओल धरते. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. कपड्यांचं मात्र आईला विचारल्याशिवाय काही करू नका. आमच्या आईने एक शर्ट न धुता पिशवीत ठेवला होता, ते आम्हाला चार महिन्यांनी कळलं.

मोबाइलकडे लगेच बघा. त्यात फोटो आणि बोललेले निरोप असतात. नंबर रिचार्ज न करता पडून राहिला तर कंपनी तो काही महिन्यांनी बंद करते, आणि व्हॉट्सअ‍ॅपचं खातं साधारण १२० दिवस वापर नसेल तर काढून टाकलं जातं. किमान वर्षभर नंबर चालू ठेवा. फोन रीसेट करून कुणाला वापरायला देऊ नका. प्रत्येक नातवंडाबरोबरचं चॅट उघडून त्यातले आवाजाचे निरोप वेगळे काढून संगणकावर ठेवा. अण्णांचा सतरा सेकंदांचा एक निरोप आहे, भाच्याला पाठवलेला: ‘काय करालास बे? जेवलास का?’ आमच्याजवळच्या सगळ्या संपत्तीत तो पहिला.

तारीख धरा

तारीख नसली की असलं काम रेंगाळतं. आम्ही वर्षश्राद्धाची धरली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तिथीने येणारा दिवस इंग्रजी तारखेच्या साधारण अकरा दिवस आधी येतो, आणि वर्षात अधिक मास आला तर उलट अठरा-एकोणीस दिवस पुढे जातो. पंचांग बघून दिवस नक्की करा, तिथून दोन महिने मागे मोजा. तोपर्यंत मजकूर लिहून झालेला हवा. ज्यांच्याकडे वर्षश्राद्ध करत नाहीत, त्यांना वाढदिवस चालेल किंवा लग्नाचा दिवस. लग्नाचा दिवस मला जास्त आवडतो, कारण तो दोघांचा असतो.

आधी आईशी बोला

नवरा गेलेल्या बाईला पहिले काही महिने सगळे जण जेवलीस का, औषध घेतलंस का, एवढंच विचारतात. ह्यांच्याबद्दल काही सांग, असं कुणी म्हणत नाही. रडेल म्हणून घाबरतात. रडली आमची आई. मग डोळे पुसून पुढचं सांगायला लागली.

तिला खुर्चीत बसवून समोर फोन धरू नका. हाताला काम असलं की बोलणं मोकळं होतं. आम्ही दुपारी शेंगा फोडत बसायचो. फोन विमान मोडवर टाकायचा म्हणजे मधेच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटत नाही. पंखा बंद. खाली घडी घातलेला टॉवेल, त्यावर फोन, म्हणजे फरशीचे आणि परातीचे दणके उमटत नाहीत. सुरुवातीला तारीख, जागा, कोण बोलतंय ते सांगून ठेवा. अर्धा तास पुरे. आठवड्यातून दोनदा बसलात तर दोन महिन्यांत भरपूर जमतं.

आई त्यांना ‘हे’ म्हणेल, ‘ह्यांनी’ म्हणेल. लिहून काढताना त्याचं ‘तुझ्या वडिलांनी’ करू नका. त्या ‘हे’मध्ये पन्नास वर्षं आहेत.

‘त्यांचा स्वभाव कसा होता?’ या प्रश्नाला ‘चांगला होता’ हेच उत्तर मिळतं. आम्हाला ज्या प्रश्नांनी खरं काही दिलं ते असे. लग्नात कुठला उखाणा घेतला होतास? पगाराचं पाकीट हातात देताना काय म्हणायचे? तू आजारी असलीस की स्वयंपाक कोण करायचं, आणि काय बिघडायचं? कशावर चिडायचे? चिडल्यावर आधी कोण बोलायचं? घरात कुणाला माहीत नाही असं काय आणायचे तुझ्यासाठी?

उखाणा तिने एका दमात म्हटला. ‘तळ्याच्या पाण्यात उजळतो दिवा, …रावांसारखा सोबती जन्मोजन्मी हवा.’ तळं म्हणजे सिद्धेश्वराचं, हे सोलापूरकरांना सांगायला नको. नाव घेतल्यावर ती लाजली, आणि त्या वयात तिला तसं लाजलेलं आम्ही पहिल्यांदा पाहिलं.

सन विचारू नका, सनाने कुणालाच आठवत नाही. लोकांना माहीत असलेली घटना धरा. बहात्तरच्या दुष्काळात कुठे होता? इंदिरा गांधी गेल्या तेव्हा अण्णा कामावर होते का? किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे? या शेवटच्या प्रश्नावर आईने जे सांगितलं ते आम्हा तिघांनाही माहीत नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गेलेली, चारच्या सुमाराला घर हललं. अण्णांनी आम्हाला झोपेतच उचलून बाहेर आणलं, आणि सगळी गल्ली ओरडत असताना परत आत गेले. आईला वाटलं पैसे आणायला गेले. आले ते आजीचा चष्मा घेऊन. चष्म्याशिवाय तिला काही दिसायचं नाही, आणि अंधारात ती घाबरली असती.

बाकीचे साक्षीदार

आत्या-काकांकडे लवकर जा. लहानपणाचं फक्त त्यांच्याकडेच असतं. जन्मतारीखही त्यांनाच विचारा. त्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या दाखल्यावर १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती सोयीने टाकलेली असते. अण्णांचीही तीच होती. आत्याने सांगितलं, ‘छे, तो गड्ड्याच्या यात्रेतला. आई म्हणायची, नंदीध्वज निघाले आणि मला कळा सुटल्या.’ गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज म्हणजे तिच्या मिरवणुकीतल्या उंच, सजवलेल्या काठ्या. म्हणजे संक्रांतीच्या आसपास जन्मलेल्या माणसाला आम्ही आयुष्यभर जूनमध्ये शुभेच्छा दिल्या.

कामावरच्या सोबत्यांना घरी बोलावू नका, तुम्ही त्यांच्याकडे जा. अण्णांचे बरेच सोबती शहराच्या पूर्व भागातले, तेलुगू बोलणारे. त्यांच्याबरोबर अण्णा तेलुगू बोलायचे, अक्कलकोटकडच्या नातेवाइकांशी कानडी, घरी मराठी. सोलापुरात हे नवलाचं नाही, पण वहीत ते दिसायला हवं. त्यांचा शब्द ज्या भाषेत आला तसाच देवनागरीत लिहा आणि पुढे अर्थ द्या. त्यांच्या ‘बे’चा ‘अरे’ करू नका.

नातवंडांना लेखी प्रश्न देऊ नका, निबंध येतो. ‘आजोबांबरोबर शेवटचं काय खाल्लंस?’ असं विचारा. लहानांना चित्र काढू द्या आणि मागे वय लिहून ठेवा. माझ्या भाचीने आजोबा काढले ते फक्त हात: बोटांना रंग लागलेले, त्यात कंगवा. ग्राफ रंगवून उठले की अण्णा तसेच तिची वेणी घालायला बसायचे. ते चित्र मुखपृष्ठावर घेतलं.

फोटो

यावर जरा जास्त लिहिते, कारण इथे झालेली चूक भरून येत नाही.

ऐंशी-नव्वदच्या दशकातले चिकट पानांचे, वर प्लास्टिकची फिल्म असलेले अल्बम जवळपास प्रत्येक घरात असतात. त्यांचा गोंद जुना झाला की फोटो ओढून निघत नाही, फाटतो. आई-अण्णांचा तुळजापूरचा एक फोटो मी असाच कोपऱ्यात फाडला. दात साफ करायचा धागा मिळतो तो घ्या, मेण न लावलेला. फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा सरकवा. तरीही नाही आला तर सोडून द्या, पानासकट स्कॅन करा. फ्रेममध्ये काचेला चिकटलेला फोटो तर कधीच सोडवू नका, वरचा रंगाचा थर काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करा.

फोटो कडेने धरा, हात कोरडे हवेत. स्कॅन ६०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) करा. छपाईला ३०० लागतात, त्यामुळे ६०० वर घेतलेला पासपोर्ट फोटो दुप्पट मोठा छापला तरी फुटत नाही. मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणी लिहिलेलं नाव तिथेच असतं. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, पण ऊन पडत नसलेल्या जागी फोटो सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, मोबाइल बरोबर समांतर धरा.

फाइलीचं नाव सनाने सुरू करा, मग जागा, मग माणसं डावीकडून उजवीकडे. मूळ फोटोवर पेनने लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उमटते. लिहायचंच तर मागे मऊ पेन्सिलने, न दाबता. भावंडांना फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते लहान होऊन जातात आणि तेच छापायला गेले की धुरकट दिसतात. सगळ्याच्या तीन प्रती असू द्या: एक घरच्या संगणकावर, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे.

जुन्या कॅसेट असतील तर वरच्या कडेला दोन छोट्या पट्ट्या असतात, त्या आधी मोडून टाका. मग चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही.

त्यांच्या सोलापुरात एकदा हिंडून या

आम्ही तिघं एका रविवारी पहाटे घरातून निघालो आणि अण्णा जसे जायचे तसे पायी गेलो. सिद्धेश्वराचं देऊळ, तळ्याकाठची त्यांची बसायची जागा, परतताना चार हुतात्मा पुतळ्यांपाशी चप्पल काढून नमस्कार. भाऊ म्हणाला, ‘लहानपणी मला वाटायचं हे आपले नातेवाईक आहेत.’ मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेले. अण्णा दर वेळी चारही नावं मोठ्याने म्हणायचे, आणि आमच्याकडून म्हणून घ्यायचे. घरी बसून हे आम्हाला आठवलं नसतं. जागेवर पाय पडला की तोंडून येतं. म्हणून कुणीतरी एकाने वाटेत फक्त लिहून घ्यायचं काम करावं.

जमलं तर जानेवारीत गड्ड्याला हेच करा. अण्णा बाराबंदी घालून नंदीध्वजाच्या मागे चालायचे. ‘हर्र बोला हर्र’ ऐकू आलं तसा धाकट्या भाच्याने हात वर केला, मान तिरकी करून, अगदी त्यांच्यासारखा. कुणी शिकवलं नव्हतं.

खाण्याचंही लिहा, पण वजनाने. अण्णांची शेंगाची चटणी सगळ्या नात्यात प्रसिद्ध. शेंगदाणे मंद भाजून साल काढायचे, लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून तेल सुटेपर्यंत उखळात कुटायचं. मिक्सरला ते हात लावू द्यायचे नाहीत. ‘अंदाजाने घालायचे’ असं आई म्हणाली, तेव्हा तिच्या हातातलं प्रत्येक जिन्नस उखळात पडायच्या आधी आम्ही काट्यावर घेतलं. आता ती चटणी सुनेलाही जमते.

लिहिताना

पहिला मसुदा भावाने केला. त्यात ‘अण्णा अत्यंत प्रेमळ होते’ हे वाक्य चार पानांत सहा वेळा आलं. आम्ही प्रत्येक वेळी ते खोडलं आणि विचारलं: कशावरून? मग त्याने लिहिलं, ‘मी मुंबईला निघालो की अण्णा चटणीचा डबा घेऊन स्टेशनवर यायचे. सिद्धेश्वर एक्स्प्रेस हलली की डब्याबरोबर फलाट संपेपर्यंत चालायचे. हात हलवायचे नाहीत, नुसते चालायचे.’ तुमच्याही मजकुरात प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, आधारवड हे शब्द सापडले की तिथे थांबा आणि असाच प्रश्न विचारा. छोट्या ओळीही चालतात. ‘चहा बशीत ओतून प्यायचे.’ ‘दाराची कडी रात्री दोनदा बघायचे.’ ‘नातवाचा पेपर असला की स्वतः उपाशी राहायचे.’ अशी नुसत्या ओळींची आमची तीन पानं आहेत आणि सगळ्यांत जास्त वाचली जातात तीच.

दोघांना एकच गोष्ट वेगवेगळी आठवत असेल तर दोन्ही नावानिशी छापा. खरं कुणाचं, हे ठरवत बसू नका.

अवघड गोष्टीही येतील. भावाने कारखान्याकडे पाठ फिरवून मुंबईची नोकरी धरली तेव्हा अण्णा सहा महिने त्याच्याशी बोलले नव्हते. वहीत घ्यायचं की नाही यावर आमचं बोलणं दोन आठवडे चाललं. शेवटी ठरलं, ज्याला लागलं त्यानेच ठरवायचं. भावाने स्वतः लिहिलं, आणि अबोला चटणीच्या पहिल्या डब्याने कसा सुटला तेही लिहिलं. त्यामुळे स्टेशनचा तो परिच्छेद वाचताना आता वेगळंच वाटतं. कुणी ‘नको’ म्हटलं असतं तर आम्ही एक ओळही घेतली नसती.

छपाई

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. काही छापखाने तो जुन्या फॉण्टमध्ये बदलून घेतात आणि तिथे जोडाक्षरं मोडतात, रफार हलतो. म्हणून पडद्यावर बघून होकार देऊ नका. कागदावर प्रूफ घ्या आणि एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नजर ठेवायची. नावं, नाती, तारखा तिसऱ्याकडून तपासून घ्या. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा. साठ-पासष्ट पानांपर्यंत मधोमध पिन चालते, त्यापुढे शिवलेली बांधणी घ्या, नुसत्या गोंदाची पानं पुन्हापुन्हा उघडून सुटतात. अक्षर मोठं ठेवा, वाचणारे सत्तरीचे आहेत. आम्ही चाळीस प्रती काढल्या, त्या कमी पडल्या.

अण्णांचा एक ग्राफ मधल्या जोडपानावर पूर्ण छापला. अर्धा मोर रंगवलेला, अर्धा नुसता पेन्सिलचा.

शेवटची कोरी पानं

शेवटी आठ पानं कोरी सोडा. ती का सोडायची, हे आम्हाला वाटप झाल्यावर कळलं. वही हातात पडली की माणसांना आठवायला लागतं. तेराव्याला गप्प बसलेले शेजारचे काका महिन्याभराने स्वतःची प्रत घेऊन आले, दोन पानं भरलेली. प्रत्येक घराला सांगा: जे सुचेल ते इथे लिहा, आणि पुढच्या वर्षी त्या पानांचे फोटो पाठवा.

आईने तिची प्रत आठ दिवस उशाशी ठेवली. मी तिला चष्म्याचा नंबर काढायला नेताना ती सहज चाळली. कोरी पानं तशीच होती. पण आत, छोट्या ओळींच्या पानावर, ‘चहा बशीत ओतून प्यायचे’ याच्या शेजारी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘हे कपातून प्यायचे. बशीतला माझा असायचा.’